‘जेनरस’ किती रुपयांपासून?



ह्या पानावर आम्ही अधूनमधून एखादा इंग्रजी शब्द अभ्यासाला घेत असतो. आपली मुले इंग्रजी शाळेत जातात, रविवारी एक मिस्सा मराठीत तर दुसरी इंग्रजीत होते, आखातात आणि कॅनडात गेलेल्या लेकरांचे निरोप अर्धे मराठीत आणि अर्धे इंग्रजीत येतात. त्यामुळे हे शब्द आता परक्यांचे राहिलेले नाहीत. ते आपल्या ओसरीवर येऊन बसले आहेत. आजचा शब्द आहे ‘जेनरस’. तो आम्ही निवडला असे म्हणण्यापेक्षा आमच्याच एका चुकीमुळे तो आमच्या वाट्याला आला असे म्हटलेले बरे.

झाले असे की, सभागृहाच्या दुरुस्तीसाठी आपण सर्वांनी जी मदत केली तिची आभारपत्रिका छापायची होती. बाहेरगावच्या लोकांनाही वाचता यावी म्हणून ती इंग्रजीत केली. वरच्या रकान्याला आम्ही मथळा दिला, ‘अवर जेनरस डोनर्स’. खालच्या रकान्याला दिला, ‘वेल-विशर्स’, म्हणजे हितचिंतक. दहा हजार रुपये ही सीमा धरली. कोणाला कमी लेखावे असा हेतू अजिबात नव्हता. कागद एकच होता आणि नावे फार होती, म्हणून वरची नावे ठळक आणि खालची बारीक अक्षरांत, एवढाच विचार. पत्रिका वाटून झाली. पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर आठवीतला एक मुलगा मागे थांबला. त्याची आजी भाजीची पाटी घेऊन बाजारात बसते. तिचे नाव खालच्या रकान्यात होते आणि घरी ती पत्रिका त्यानेच तिला वाचून दाखवली होती. त्याने विचारले, “टीचर, जेनरस किती रुपयांपासून सुरू होतं?”

प्रश्नात राग नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती. आम्ही सांगून टाकले, “दहा हजारांपासून.” त्याने मान डोलावली आणि तो गेला. उत्तर देऊन झाल्यावर मात्र आम्हाला चैन पडेना. घरी जाऊन शब्दकोश उघडला आणि त्यातून जे निघाले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

इंग्रजी शब्दकोशांत ‘जेनरस’चा अर्थ साधारण असा सापडतो: जेवढे देणे लागते, किंवा जेवढे अपेक्षित असते, त्यापेक्षा अधिक देण्याची तयारी असलेला. रुपयांचा उल्लेख नाही. पैशाचा उल्लेख असला तरी तो एकटा नाही. त्याच्या बरोबरीने वेळ, कौतुक, मदत, क्षमा हे सारे येते. मोजमाप आहे, पण ते रकमेचे नाही. देणे लागत होतो तिथून पुढे आपण किती पाऊल टाकले, हे ते मोजमाप. एखाद्याने लाखाची थकबाकी भरली तर ते चोख वागणे झाले, जेनरस नव्हे. आणि एखाद्याने काहीच देणे लागत नसताना आपल्या डब्यातली अर्धी भाकर शेजारच्याला दिली तर ते जेनरस झाले.

मग हा शब्द पैशाला एवढा चिकटला कसा? आमच्या मते ह्याला निधीच्या आवाहनांचे फलक पुष्कळ कारणीभूत आहेत. ‘प्लीज डोनेट जेनरसली’ हे वाक्य आपण शाळेच्या, देवळाच्या, चर्चच्या, पूरग्रस्त निधीच्या इतक्या पेट्यांवर वाचले आहे, की शब्द दिसला की हात खिशाकडे जातो. मराठीत आपण त्याला ‘दानशूर’ हा प्रतिशब्द लावून मोकळे होतो. ‘दानशूर’ हा शब्द चांगलाच आहे, पण त्याला कर्णाची कवचकुंडले लागतात. भाजीच्या पाटीवाली आजी त्यात बसत नाही.

आता ह्या शब्दाचे मूळ पाहू. ते पाहून आम्ही स्वतः चकित झालो.

‘जेनरस’ हा शब्द लॅटिन भाषेतून फ्रेंचमध्ये आणि तिथून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘गेनुस’ म्हणजे जन्म, वंश, कूळ. त्यावरून ‘गेनेरोसुस’, म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला, खानदानी. जनरेशन, जेंडर हे शब्दही त्याच घराण्यातले. म्हणजे मुळात ह्या शब्दाचा देण्याघेण्याशी काही संबंधच नव्हता. ‘हा माणूस जेनरस आहे’ ह्याचा अर्थ ‘हा कोणाचा कोण आहे ते आम्हाला ठाऊक आहे’ एवढाच होता. जातिवंत घोडा आणि चांगल्या वेलीची कसदार दारू ह्यांनाही रोमन लोक हेच विशेषण लावीत.

आणि गंमत पुढेच आहे. लॅटिन, इंग्रजी आणि संस्कृत ह्या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या भाषा. लॅटिनमधल्या ‘गेनुस’चा जो धातू, तोच संस्कृतमधला ‘जन्’. त्यावरून आपल्याकडे जन, जन्म, जनक हे शब्द आले, आणि त्यावरूनच आला ‘जात’. म्हणजे ‘जेनरस’ आणि ‘जात’ ही दूरची का होईना पण सख्खी भावंडे आहेत! एकाच बीजातून निघून एक शब्द कुठे गेला आणि दुसरा कुठे राहिला, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ताडून पाहावे. आपल्याकडेही सोयरीक जुळवताना अजून गाव, समाज आणि घराणे विचारतातच. तो विषय इथे वाढवत नाही.

शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द जुन्या अर्थाने भेटतो. ‘ऑथेल्लो’मध्ये डेस्डेमोना आपल्या नवऱ्याला आठवण करून देते की, जेवण तयार आहे आणि बेटावरची बोलावलेली ‘जेनरस’ मंडळी वाट पाहत आहेत. आजच्या अर्थाने वाचले तर बुचकळ्यात पडायला होते. ही मंडळी दुसऱ्याकडे जेवायला आलेली. ह्यात त्यांचे औदार्य ते कसले? पण तिथे अर्थ आहे सायप्रस बेटावरची कुलीन, प्रतिष्ठित माणसे.

‘किंग लिअर’मध्ये मात्र शब्द हलू लागलेला दिसतो. तिथे एडमंड नावाचा तरुण आहे. तो उमरावाचा मुलगा, पण लग्नाबाहेर जन्मलेला. लोक त्याला ज्या नावाने हिणवतात ते त्याला डाचते. तो म्हणतो की, माझे शरीर सुडौल आहे, आणि माझे मनही रीतसर लग्नाच्या बायकोच्या मुलाइतकेच ‘जेनरस’ आहे. विचार करा, ज्याला जन्मावरून हा शब्द नाकारला गेला, तो म्हणतो की शब्द जन्माला नको, मनाला लावा. पुढे हाच एडमंड आपल्या भावाला आणि बापाला दगा देतो, त्यामुळे त्याला आदर्श म्हणून पुढे करता येणार नाही. पण त्याने मांडलेला मुद्दा त्याच्यापुरता राहिला नाही. पुढे इंग्रजी भाषा त्याच वाटेने गेली. कुळाचा थोर, मग मनाचा थोर, मग मनाचा थोर असल्यामुळे क्षुद्रपणा न करणारा, आणि शेवटी सढळ हाताने देणारा, अशा पायऱ्या उतरत (आम्ही तर म्हणू, चढत) हा शब्द आजच्या अर्थाला पोहोचला. आज कोणी ‘जेनरस’ म्हटल्यावर त्या माणसाचे आडनाव कोणी विचारीत नाही.

ह्याची दुसरी बाजूही पाहायला हवी, नाहीतर चित्र फारच गोड होईल. इंग्रजीत जेनरसच्या उलट शब्द कोणता? मुले चटकन सांगतात, ‘मीन’. हा ‘मीन’ मुळात शिवी नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता सामाईक, सर्वसाधारण, चारचौघांचा. त्यावरून तो सामान्य माणसाला लागला, मग हलक्या कुळातल्याला, मग हलक्या मनाच्याला आणि शेवटी चिक्कू माणसाला. म्हणजे ज्याच्याकडे जमीनजुमला होता त्याच्या नावावरून औदार्याचा शब्द घडला आणि ज्याच्याकडे काही नव्हते त्याच्या नावावरून कंजूषपणाचा! ‘व्हिलन’चेही तसेच. आपल्या सिनेमातला तो खलनायक मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा कूळ होता, एवढाच त्याचा गुन्हा. श्रीमंतांनी गरिबांना आणखी काय काय दिले ते इतिहास सांगेल, पण त्यांना वाईट शब्द मात्र सढळ हाताने दिले असे दिसते.

आम्ही आभारपत्रिकेत जे केले ते नेमके हेच होते, हे इथे आमच्या लक्षात आले. वरचा रकाना, खालचा रकाना. शब्दाने चारशे वर्षे चालून जी वाट कापली होती, ती आम्ही एका दुपारी उलटी चाललो होतो.

आता आपला मराठी ‘उदार’ शब्द. संस्कृतमध्ये त्यात ‘उद्’ म्हणजे वर, उंच, हा भाव आहे. उंच, थोर, उमदा असे त्याचे जुने अर्थ आहेत आणि देणारा हा अर्थ त्यांच्याबरोबर येतो. मराठीने मात्र त्याला आपल्या स्वभावाप्रमाणे घडवले. ‘जिवावर उदार होणे’ हा वाक्प्रचार पाहा. पुरात दुसऱ्याला वाचवायला उडी घेणारा कोळी जिवावर उदार झाला असे आपण म्हणतो, म्हणजे हातचे राखायचे काहीच शिल्लक ठेवले नाही. इंग्रजी ‘जेनरस’मध्ये एवढी धार नाही. दुसरीकडे मराठी माणूस औदार्याची थट्टाही करतो. राजा उदार झाला आणि हाती भोपळा दिला. आयजीच्या जिवावर बायजी उदार. ही दुसरी म्हण इंग्रजीत सांगायची झाल्यास ‘जेनरस विथ अदर पीपल्स मनी’ असे म्हणतात आणि तेही तितक्याच तिरकसपणे. समितीच्या बैठकीत बसणाऱ्या आम्हा सर्वांना ही म्हण पाठ असणे आवश्यक आहे.

बायबलमध्ये ह्या शब्दाचे काय होते? इथे आम्ही थोडे अधिक रेंगाळणार आहोत, कारण आम्हाला उत्तर तिथे सापडले.

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत ‘नादीव’ असा एक शब्द आहे. त्याचे दोन अर्थ: उदार, आणि सरदार किंवा राजपुत्र. पुन्हा तेच, थोर घराणे आणि देणारा हात एकाच शब्दात. पण इथे एक फरक आहे. लॅटिन शब्दाचे मूळ जन्मात आहे, हिब्रू शब्दाचे मूळ आपखुशीने पुढे होण्यात आहे. ज्या धातूपासून ‘नादीव’ झाला त्याचा अर्थच मुळी ‘कोणी न सांगता स्वतः देऊ करणे’. स्वेच्छेच्या अर्पणाचा शब्दही त्याच धातूपासून झाला. यशया संदेष्ट्याच्या बत्तिसाव्या अध्यायात तर ह्या शब्दाच्या चुकीच्या वापराविषयीच तक्रार आहे. नीच वृत्तीच्या माणसाला लोक ‘नादीव’ म्हणतात, ते न्यायाचे राज्य आल्यावर बंद होईल, असे संदेष्टा सांगतो. पुढे तो म्हणतो की, खरा नादीव कोण ते त्याच्या बेतांवरून कळते. पदवी मिळाली म्हणून नव्हे.

निर्गमच्या पुस्तकात हाच शब्द भेटीचा मंडप उभारताना येतो. मोशे लोकांना म्हणतो, ज्याचे अंतःकरण राजी असेल त्याने आणावे. मग ज्यांच्याकडे सोने होते त्यांनी सोन्याचे दागिने आणले, कोणी बाभळीचे लाकूड आणले, आणि बायकांनी शेळीचे केस कातून आणले. सोने आणि शेळीचे केस. पुस्तकात दोघांचे रकाने वेगळे केलेले नाहीत. अंतःकरण राजी असणे हा एकच शब्द सर्वांना पुरला आहे. छत्तिसाव्या अध्यायात तर कारागीर येऊन मोशेला सांगतात की, कामाला लागते त्यापेक्षा जास्त जमले आहे, आणि मोशे छावणीत दवंडी पिटवतो की आता पुरे, काही आणू नका. (आपल्या धर्मग्रामात अशी दवंडी पिटण्याची वेळ आमच्या आठवणीत आलेली नाही.)

नव्या करारात संत पौल ग्रीक भाषेत लिहितो. यरुशलेमच्या गरजूंसाठी त्याने वर्गणी काढली होती. करिंथ हे श्रीमंत बंदर. तिथल्या लोकांना तो मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांचे उदाहरण देतो. त्या हलाखीत होत्या तरी त्यांनी ऐपतीपलीकडे दिले, आणि आम्हालाही द्यायचे आहे म्हणून मागे लागून दिले. त्यांच्या ह्या गुणाला पौल ‘हाप्लोतेस’ म्हणतो. इंग्रजी बायबलांत आज इथे ‘जेनरॉसिटी’ वाचायला मिळते. पण ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ आहे साधेपणा, एकसरळपणा. ज्याला घडी नाही, आत काही दुमडून ठेवलेले नाही असे. १६११च्या किंग जेम्स भाषांतराला ह्या एका शब्दाने चांगलेच दमवलेले दिसते. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आठव्या आणि नवव्या अध्यायात मिळून तीन जागी त्यांनी देण्याशी निगडित निरनिराळे शब्द वापरले, आणि रोमकरांच्या बाराव्या अध्यायात, देणाऱ्याने कसे द्यावे हे सांगताना, ‘सिम्प्लिसिटी’ असा शब्द घातला. खरे तर दोन्ही बरोबर. मराठीत ह्याला फार छान बोली आहे: हातचे न राखता. घडी न घालता उघडा धरलेला हात.

आता द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट. सामान्य काळातील पंचविसाव्या रविवारी, ‘अ’ वर्षात, आपण ती मिस्सामध्ये ऐकतो. मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला जे अजून नाक्यावर उभे होते त्यांनाही. संध्याकाळी सर्वांना एकेक दिनार देतो, आणि तेही शेवटच्यापासून सुरुवात करून. पहाटेचे मजूर कुरकुरतात. तेव्हा मालक त्यांना एक प्रश्न करतो. २०२० सालापासून भारतात इंग्रजी मिस्सासाठी जे भाषांतर वाचले जाते त्यात त्या प्रश्नात ‘जेनरॉसिटी’ आहे. त्याआधीच्या जेरुसलेम बायबलमध्ये ‘जेनरस’ होते. ग्रीकमध्ये मात्र तिथे साधा ‘चांगला’ असा शब्द आहे: मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला काय, अशा अर्थाचा तो प्रश्न आहे. वाईट डोळा म्हणजे आपल्याकडची दृष्ट लागणे नव्हे. यहुदी लोकांच्या बोलीत ‘चांगल्या डोळ्याचा’ म्हणजे उदार आणि ‘वाईट डोळ्याचा’ म्हणजे कद्रू, दुसऱ्याचे भले ज्याच्या डोळ्यांत खुपते तो.

ह्या गोष्टीतली रक्कम पाहा. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. मालकाने कोणाला सोन्याची थैली दिलेली नाही. आभारपत्रिकेत त्याला टाकायचे ठरवले असते तर तो खालच्या रकान्यातच गेला असता! तरीही तो ‘जेनरस’, कारण पाच वाजता आलेल्या माणसाच्या घरीही चूल पेटायची आहे हे त्याने मोजले, आणि तास मोजले नाहीत. देणे लागत होते तिथून पुढचे पाऊल ते हेच.

मार्कच्या शुभवर्तमानातील विधवेच्या गोष्टीत ‘जेनरस’ हा शब्द कोठेही नाही. तिने दोन लेप्ता टाकले, आणि मार्क लगेच हिशेब देतो की त्यांचा रोमन नाण्यात एक क्वाद्रांस होतो. एका दिनारात असे चौसष्ट क्वाद्रांस. मजुराचा आजचा रोज सहाशे चाळीस रुपये धरला तर बाईंनी टाकले दहा रुपये. आमच्या त्या सीमेपासून नऊ हजार नऊशे नव्वद रुपये दूर. प्रभूने शिष्यांना बोलावून सांगितले की तिने सर्वांपेक्षा जास्त टाकले.

एवढे झाल्यावर वापराकडे वळू, कारण दहावीच्या मुलांचे पालक आमच्याकडे व्याकरणच मागतात.

‘जेनरस’च्या मागून येणारे छोटे शब्द नीट सांभाळावे लागतात. ज्याला द्यायचे त्याच्यामागे ‘टू’: ‘शी इज जेनरस टू द पुअर’. ‘माझ्यासाठी’ ह्या मराठी वळणामुळे आपली मुले इथे ‘फॉर’ घालतात, ते चूक. जे द्यायचे त्याच्यामागे ‘विथ’: ‘जेनरस विथ हिज टाइम’. कोणाच्या कृतीबद्दल आभार मानताना ‘ऑफ’: ‘दॅट इज व्हेरी जेनरस ऑफ यू’. पाहुण्यांना वाढताना ‘जेनरस हेल्पिंग’ म्हणजे भरपूर वाढप. इथे ताट उदार नाही, वाढणारा आहे, पण विशेषण ताटाला लागते. ‘जेनरस टू अ फॉल्ट’ ह्यात कोणी चूक केली असा अर्थ नाही. देण्याचा गुण इतका वाढला की तोच दोष वाटू लागला, असा अर्थ. घरातले धान्य संपले तरी दारी आलेल्याला पसाभर घालणाऱ्या आज्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या आहेत. ते वर्णन त्यांचे.

आणखी एक वापर आम्हाला फार मोलाचा वाटतो, तो म्हणजे दुसऱ्याविषयी मत बनवतानाचा. ‘अ जेनरस व्ह्यू’, ‘लेट अस बी जेनरस’. म्हणजे एखाद्याच्या वागण्याचे दोन अर्थ निघत असतील तर त्यातला बरा अर्थ धरणे. उशिरा आला तर आळशी म्हणण्याआधी गाडी चुकली असेल असे म्हणणे. ह्या औदार्याला एक पैसाही लागत नाही, तरी ह्याचीच टंचाई अधिक. उपरोधानेही हे बोलतात: ‘टू बी जेनरस, द सिंगिंग वॉज लाउड’, म्हणजे गाण्याविषयी बरे म्हणण्यासारखे एवढेच होते की ते मोठ्याने गायले. आमच्या गायकवृंदाने हे मनावर घेऊ नये.

इतर जवळचे शब्द थोडक्यात. ‘लिबरल’ म्हणजे मुळात स्वतंत्र माणसाला शोभेल असे. पूर्वी तो जेनरसच्याच अर्थाने चाले, आता राजकारणात अधिक दिसतो, म्हणून जपून. ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे शब्दशः मोठ्या मनाचा, जणू आपला ‘महात्मा’. जिंकलेल्याने हरलेल्याला सन्मानाने वागवले तर हा शब्द. ‘म्युनिफिसन्ट’ मात्र खरोखरच मोठ्या देणगीचा शब्द. माहीमच्या खाडीवर रस्ता व्हावा म्हणून लेडी आवाबाई जमशेटजींनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला. माहीमच्या नोव्हेनाला जाणाऱ्यांना लेडी जमशेटजी मार्ग ठाऊक असतो, त्या ह्याच. त्यांच्या देणगीला म्युनिफिसन्ट म्हणावे, आणि जेनरसही म्हणावे, कारण देणे त्यांच्यावर नव्हते. विधवेच्या दोन लेप्तांना म्युनिफिसन्ट म्हणता येणार नाही. जेनरस म्हणता येते. मोठ्या रकमेसाठी इंग्रजीत वेगळा शब्द हजर असताना आम्ही हा सर्वांचा शब्द उचलून दहा हजारांच्या वर नेऊन ठेवला होता.

त्या मुलाला आम्ही पुढच्याच्या पुढच्या रविवारी गाठले आणि सांगितले की तुला दिलेले उत्तर चूक होते. तो म्हणाला, “मग किती?” आम्ही त्याला दोन लेप्तांचा हिशेब कागदावर करून दाखवला. चौसष्टाने भागाकार त्याने आमच्याआधी केला. आजीला सांगशील का, असे विचारले तर म्हणाला, “ती म्हणेल, दोन रकान्यांची एवढी चर्चा कशाला, छप्पर गळायचं थांबलं का ते सांग.” छप्पर थांबले आहे.

आभारपत्रिका आम्ही पुन्हा छापत आहोत. नावे वर्णानुक्रमे, अक्षर एकाच आकाराचे, रकमा नाहीत. मथळ्यात ‘विथ ग्रॅटिट्यूड फॉर युवर जेनरॉसिटी’ असे ठेवले आहे. प्रूफ त्या मुलालाच तपासायला दिले होते. नावांत एकही चूक निघाली नाही. आम्ही ‘जेनरॉसिटी’च्या स्पेलिंगमध्ये ‘जेनरस’मधला ‘यू’ तसाच ठेवला होता, तो त्याने लाल पेनने काढला.